मुरलेली वाईन

विंडोजवाल्याची मला मनापासून कीव येते. बिचारा गेम विकत घेतो, उतरवून घेतो, चिन्हावर दोनदा टिचकी मारतो आणि गेम चक्क सुरू होतो. मग खेळत बसण्यावाचून त्याला गत्यंतरच उरत नाही.

आम्हा लिनक्सवाल्यांना असली आयती शिक्षा नाही. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की टर्मिनल उघडायचं. शनिवार ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेवेत जातो. रविवारी दुपारी काळ्या स्क्रीनमागून पार्श्वसंगीत ऐकू येतं. आवाज आहे, चित्र नाही, ही या साधनेतली बरीच वरची पायरी. ‘मग रेडिओच का नाही लावत?’ असं घरातून विचारलं जातं, पण साधकाने तिकडे लक्ष द्यायचं नसतं.

आमचं कुलदैवत म्हणजे वाईन. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम फाइल उघडायला सांगतो, खिडकी काढायला सांगतो. ते सांगणं वाईन मधल्यामध्ये झेलते आणि लिनक्सला कळेल अशा बोलीत पुढे सरकवते. काम सुरू झालं १९९३ साली आणि १.० आवृत्ती निघाली २००८ साली. पंधरा वर्षं मुरू दिलेली वस्तू! नावाची फोड सांगतात तीही ‘वाईन म्हणजे एम्युलेटर नव्हे’ अशी. आपल्याकडे ब्रह्माचं वर्णन ‘नेति नेति’ म्हणून करतात, त्यातलंच हे. गेम का बंद पडला, याचं उत्तरही ती पुष्कळदा त्याच शैलीत देते.

सोवळं मात्र कडक. मायक्रोसॉफ्टला आम्ही उंबरा ओलांडू देत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आता वाईन आमच्याच होम फोल्डरात एक लपलेलं फोल्डर करते, त्यात ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘विंडोज’ आणि त्याच्याही आत ‘सिस्टिम ३२’, ही गोष्ट वेगळी. दारातून हाकललेल्या पाहुण्यासाठी माजघरात पडद्याआड पाट मांडलेला असतो खरा, पण त्यावर पाहुणा बसलेला नसतो. त्याचे कपडे घालून आमचाच माणूस बसलेला असतो. त्यामुळे विटाळ होत नाही.

या क्षेत्रातही अधःपात सुरू झालाच. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं. वाईन आणि डायरेक्ट थ्रीडी ही विंडोजची चित्रभाषा लिनक्सला कळणाऱ्या वल्कनमध्ये उलथवणारं डीएक्सव्हीके एकाच गाठोड्यात बांधून दिलं. आता त्यांच्या स्टीम या गेमच्या दुकानातले शेकडो गेम नुसतं बटन दाबलं की चालतात. २०२२ साली तर स्टीम डेक आला. हातात मावणारं यंत्र, आत लिनक्स. पोरं त्यावर तासन्‌तास खेळतात आणि आपण लिनक्सवर आहोत याचा त्यांना पत्ताही नसतो. उपास न करता नुसता फराळ!

हेवा वाटावा तो मॅकवाल्यांचा. २०१९च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीने ३२-बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बाद केले, त्यात कितीतरी जुने गेम गेले. आदल्या रात्री चालणारा गेम सकाळी बंद. एवढी साधना आम्हाला कुणी आयती दिली नाही.

तरी आशेला जागा आहे. ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारे पहारेकरी असतात आणि त्यातले काही थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ठाण मांडतात. वाईनपाशी ते कर्नलच नाही, त्यामुळे व्हॅलोरंट हा गेम आमच्याकडे येत नाही. एपेक्स लेजेंड्स हा दुसरा गेम तर व्यवस्थित चालत असे. २०२४ साली त्याने लिनक्ससाठी दार लावून घेतलं. त्यांचे उपकार कसे फेडावेत?

परवा भाचा आला होता. शेजारी बसून तीन तास बघत होता.

‘मामा, तू गेम खेळतोयस की परीक्षा देतोयस?’

उत्तर द्यायला मान वर केली, तेवढ्यात गेम लागला. चित्रासकट, आवाजासकट. मी कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघितला, साठ होता. समाधानाने लॅपटॉप मिटायला लागलो.

‘अरे, खेळ ना आता!’

नाइलाज झाला. पुलावर एक राक्षस उभा होता. त्याने एकदाच गदा फिरवली आणि मी गेलो. ढाल कुठल्या बटनाने वर येते, हे मला ठाऊकच नव्हतं. एवढ्या लांबवर मी यापूर्वी कधी आलोच नव्हतो.