स्पेनचे तेल, बोअरचे पाणी

बीडमध्ये बसून ऑलिव्ह तेलाचा साबण करायचा, म्हणजे आधी स्पेनहून तेल यायला हवे, मग टँकर. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे ते बाटलीवरच छापलेले असते.

कृती सोपी. किलोभर तेलाला साधारण 130 ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात ओतायचे नाही. हातमोजे, चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे पातेले तर लांबच ठेवा, सोडा ते खातो. मिश्रण पिठल्यासारखे दाटले की साच्यात, आणि मग महिना-दीड महिना वड्या वाळवत बसायचे. तोवर सासूबाई रोज विचारणार, "झाला का गं तुझा साबण?"

अखेर पहिली आंघोळ. ऑलिव्हला मुळात फेस बेताचाच. त्यात बोअरचे जड पाणी. त्यातले कॅल्शियम साबणाला धरते आणि बादलीच्या कडेला पांढरा चिकट थर बसतो. अंगाला काय लागले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

खरे तर करडईच्या तेलाचाही साबण होतो, सोडाही जवळपास तेवढाच लागतो. पण करडई पडली आपल्याच रानातली. पाहुण्यांना काय सांगणार, करडईने आंघोळ करतो म्हणून?