नळीधारकाची पहिली इयत्ता

प्रवेशाची पात्रता: प्रोस्टेट वाढलेली, मज्जारज्जूला इजा झालेली किंवा मूत्राशयाने राजीनामा दिलेला असावा. वयाची अट नाही. वशिला चालत नाही.

१. ओळख. अमेरिकेतल्या डॉ. फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात लघवी बाहेर काढणारी ही फुग्याची नळी पुढे आणली. मूत्राशयात गेलेल्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो आणि त्यात साधारण १० मि.लि. निर्जंतुक पाणी भरतात. त्याच्याच जोरावर नळी आत टिकते. तेव्हा झोपेत, रागात किंवा कुतूहलापोटी ती ओढू नये. फुगलेला फुगा बाहेर येताना वाट सोलत येतो. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधून ठेवावी. नळी आणायला मेडिकलमध्ये जाल तेव्हा ‘सोळा नंबर सिलिकॉन’ असे हळू आवाजात सांगावे. दुकानदार तेच आतल्या पोऱ्याला ओरडून सांगेल. इथून पुढे तुमची लघवी ही सार्वजनिक बाब झाली, हे मनाशी पक्के करावे.

२. पिशवीची जागा. नळीतून येणारी लघवी साठवणारी पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. वाक्य सोपे आहे; घरातला दिवाण खालपर्यंत बंद असला की कळते, आकडा अडकवायला जागाच नाही. मग एक स्वच्छ बादली दिवाणाशेजारी ठेवून पिशवी तिच्या काठाला आतून टांगावी. रिक्षात बसताना पिशवी लाडाने मांडीवर घेऊ नये. निघालेले पाणी उलटे फिरू शकते. बसलात की नळी मांडीखाली दबली नाही ना, हे पाहावे.

३. रिकामी करणे. पिशवी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नये. दोन तृतीयांश झाली की उठावे. आधी हात धुवा, नंतरही धुवा. खालची तोटी भांड्याला टेकवू नका. भांडे वेगळे ठेवा आणि ते वेगळे आहे हे स्वयंपाकघराला बजावून सांगा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडू नये. जंतू त्याचीच वाट पाहत असतात.

४. गळती. नळीच्या बाजूने लघवी झिरपली की सगळे नळीला शिव्या देतात. आधी पीळ शोधा. तो नसेल तर शांतपणे विचारा: पोट साफ कधी झाले? भरलेले आतडे मूत्राशयाला आणि नळीला दाबते. पालेभाजी आणि भरपूर पाणी हाच उपाय. पाण्यावर डॉक्टरांनी बंधन घातले असेल तर मात्र त्यांचेच ऐका. तरीही गळती थांबली नाही तर दवाखाना गाठा.

५. रंगकाम. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते. एखाद्या सकाळी पिशवीच जांभळी दिसली तर दृष्ट काढू नका. काही जंतू लघवीतल्या घटकांपासून निळे आणि लाल रंग तयार करतात, ते मिसळून हा थाट होतो. बद्धकोष्ठ असलेल्यांत तो जास्त दिसतो. घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

६. सल्लागार मंडळ. भेटायला आलेले काका लघवी तपासून घ्यायला सांगतील आणि रिपोर्टात जंतू निघाले की खिशातून अँटिबायोटिक काढतील. नळी जुनी झाली की जंतू जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. काकांना चहा द्या, गोळी परत द्या. मात्र थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर दुखले किंवा म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, तर डॉक्टर गाठा. पिशवीत काही तास थेंब नाही आणि ओटीपोट फुगून दुखते आहे, किंवा रक्ताच्या गाठी येत आहेत, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

७. तारीख. सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त १२ आठवडे. तिच्यात आतून थर साचला किंवा ती तुंबू लागली तर त्याआधीच. बदलण्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहावा. घरातले सगळे वाचतील. वाचू द्या.

उत्तीर्ण होण्याचा निकष: नवशिका चारचौघांत ‘मजेत आहे’ म्हणतो आणि भरलेली पिशवी लपवत कोपऱ्यात अवघडून बसतो. उत्तीर्ण झालेला लग्नघरी पोचताच यजमानांना विचारतो, ‘बाथरूम कुठंय हो? पिशवी रिकामी करायचीय.’ आणि मग निवांत पंगतीला बसून दुसरी जिलेबी मागतो.