पाचशेच्या स्टॅम्पवरचं लेकरू

पाथर्डीपासून पारनेरपर्यंत संसार मोडायची एक ठरलेली रीत आहे. दोन्हीकडचे सोयरे बैठकीला बसतात, चहा होतो, आवाज चढतात आणि शेवटी पाचशेच्या स्टॅम्पवर सगळं लिहून घेतात. कलम एक, दागिने. कलम दोन, आंदणाची भांडी. कलम तीन, मूल. गोदरेजच्या कपाटावरून तासभर घासाघीस चालते, मुलाचा निकाल दोन मिनिटांत लागतो. मूल अमक्याकडे राहील, तमक्याचा त्याच्याशी यापुढे काही संबंध नाही. खाली पंचांच्या सह्या. रुबाब असा की, सुप्रीम कोर्टाने उठून खुर्ची द्यावी!

खरं सुप्रीम कोर्ट मात्र या कागदाने बांधलं जात नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा घ्या किंवा 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा घ्या, कसोटी एकच आहे : मुलाचं हित. ताब्याचा हुकूमही कायमचा नसतो; परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्या पंचांचा कायदा त्याहून सोपा : मुलगा वंशाचा, तो इकडेच, मुलगी आईच्या पदराला बांधून माहेरी. म्हणून ‘ताबा नसलेला पालक’ म्हटल्यावर शहरात बिचारा बाप डोळ्यांपुढे येतो, पण गावाकडे ती पुष्कळदा आई असते.

आता कोर्टाची वाट. पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या बापाचं पोर शेवगावला आजोळी असेल, तर रजा टाकून अहिल्यानगर जिल्ह्यात यायचं. कोर्टाने महिन्यातून दोनदा भेटीचे दोन तास दिले, तर त्यातला अर्धा तास वाटेतली कोंडी खाते. उरलेल्या वेळात ‘अभ्यास कसा चाललाय’ यापलीकडे बोलणं सरकत नाही.

तेही पोर समोर आलं तर. बाप पोटगी थकवतो म्हणून आई पोर दाखवत नाही. ती पोर दाखवत नाही म्हणून तो पोटगी थकवतो. हा व्यवहार दोघांनाही चोख वाटतो. कायद्यात ही दोन्ही खाती वेगळी आहेत, आणि दोन्हींचा खातेदार मूलच आहे. पोटगी थकवणाऱ्याला दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद तरी आहे. भेट अडवणाऱ्याविरुद्ध पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. तोवर पोराला भेटीच्या दर शनिवारी ताप येतो. इतका वक्तशीर ताप वैद्यकशास्त्राला अजून सापडायचाय. आणि हक्कासाठी हायकोर्टाची पायरी चढून आलेला बाप नेमका भेटीच्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधून बसलेला असतो, तोही आम्ही पाहिलाय.

या अर्ज-तारखांत उशीर होतो, म्हणजे किती? बाप अमेरिकेत, आई भारतात परतलेली, असा एक ताब्याचा वाद मुंबईच्या कोर्टांतून दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये संपला. मुलाचा जन्म 1983 चा. ताबा आईकडे राहिला, बापाला भेटीचा हक्क मिळाला; तान्ह्या बाळावरून पेटलेला वाद मिसरूड फुटायच्या वयात मिटला. 2015 मध्ये विधी आयोगाने 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची आणि भेटीच्या नियमांची शिफारस केली. अहवाल कपाटात सुखरूप आहे.

जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक साधी गोष्ट सांगितली : आई आणि बाप दोघांचं प्रेम हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. रोज दीड जीबी डेटाच्या काळात हे फार महाग मागणं नव्हे. नेटवर्क गावोगाव पोचलंय; नंबर तेवढा ब्लॉक आहे.

तेव्हा ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांनी एवढं करावं. नुसता ‘भेटीचा हक्क’ मागू नका. वार, वेळ, जागा, मुलाला आणणार कोण, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी कुणाकडे, फोन किती वाजता, सगळं हुकुमात लिहून मागा. मोघम हुकूम म्हणजे नव्या भांडणाला आवतण. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेल्या आयांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. उत्पन्न न विचारता महिलेला तिथे मोफत वकील मिळतो. आणि पोटगी थकली तरी भेट थांबवायची नाही, भेट अडली तरी पोटगी थांबवायची नाही. एवढं ज्यांना जमत नाही, त्यांनी मुलाच्या हिताचं नाव तरी घेऊ नये.