आधी पाढे, मग पोहे

'आधी पोटोबा, मग विठोबा' असे सांगणाऱ्या पूर्वजांचा सरकारी तिजोरीशी कधी संबंध आला नसावा. तिजोरीचा क्रम निराळा: आधी परिपाठ, मग पाढे आणि पोटोबाने दुपारच्या खिचडीपर्यंत कळ काढावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उगाच घोळ घातला. पौष्टिक न्याहारीनंतरच्या सकाळी अवघड विषय चांगले शिकता येतात, म्हणून दुपारच्या जेवणाखेरीज साधी न्याहारीही द्यावी, असे त्यात चक्क लिहून ठेवले. तमिळनाडूने २०२२ मध्ये मदुराईतून न्याहारी योजना सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. आपण महाराष्ट्रात त्याच वर्षी शाळेत आठवड्याला एक अंडे देऊ केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपवले. अंडे सरकारी, उबवायचे मात्र गावाने!

न्याहारीने का कुठे गणित येते, असा एक बिनतोड सवाल असतो. नुसत्या न्याहारीने येत नाही, हे खरे. नुसत्या फळ्याने तरी कुठे येते? जमैकाच्या ग्रामीण शाळांत वर्षभर न्याहारी देऊन पाहिली, तेव्हा हजेरी वाढली आणि लहान मुलांचे अंकगणित सुधारले. भारतातल्या माध्यान्ह भोजनाच्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षाहूनही कमी काळ मिळालेल्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसले. शिक्षक चांगला हवाच. पण ज्याचे कान घंटेकडे लागलेत, त्याला चांगला शिक्षक तरी काय ऐकवणार?

खायला घालणे आईबापांचे काम, हा दुसरा आक्षेप. तत्त्व उत्तम आहे. फक्त पहाटेच मजुरीला निघालेल्या आईची शिक्षा पहिल्या तासाला मुलाने का भोगावी, एवढे त्यात सांगितलेले नाही. उरला पैसा. धान्य वगळता प्राथमिकच्या एका मुलाच्या जेवणाच्या साहित्यासाठी मे २०२५ पासूनचा केंद्राचा दर आहे ६ रुपये ७८ पैसे. टपरीवरचा कटिंग चहा याहून महाग. त्यात न्याहारीची भर पडली तर राज्य बुडेल, ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी एक प्रयोग करावा. मंत्रालयातल्या सकाळच्या बैठकांचा चहा-नाश्ता महिनाभर लोकसहभागावर सोपवावा. उपाशीपोटी लक्ष किती लागते, याचा स्थानिक पुरावा आयताच हाती येईल.