नाना निराश आहेत

नाना पूर्वी रुसायचे. आता ते निराश होतात. ही प्रगती आहे असं ते स्वतःच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ती दिसली नाही तर त्याबद्दलही निराश होतात.

रुसणं हा नानांचा मूळ पिंड. आमच्या डोंबिवलीतच कशाला, कुठल्याही गावात, प्रत्येक घराण्यात असे एक नाना असतात. ते भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. 'आपल्याला काय करायचंय!' एवढंच म्हणतात आणि तिथून पुढे काही वर्षं बोलत नाहीत. कार्याला येतात, पण हॉलच्या दाराशी, शेवटच्या खुर्चीवर बसतात. 'नाना, पुढे या की' म्हटलं की 'असू दे, इथे वारा बरा आहे.' आहेर चोख करतात, उद्या कुणी नाव ठेवायला नको. जेवायच्या वेळी मात्र त्यांची चतुर्थी असते. पंचांगात त्या दिवशी काहीही असो.

त्यांचा सर्वांत मोठा रुसवा धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नातला. पत्रिकेत 'आपले नम्र' खाली नानांचं नाव तिसरं, वर दोन मेहुणे! नाना लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, पाकीट दिलं आणि पंगत चुकवून दादर स्टेशनबाहेर उभ्या उभ्या वडापाव खाल्ला. त्या मुलीची मुलगी आता शाळेत जाते. पत्रिका अजून नानांच्या कपाटात, विम्याच्या कागदांच्या वर आहे. भाऊ राहतो डोंबिवलीतच, पण पश्चिमेला. मध्ये रेल्वेचा पूल. तो पूल नानांनी तेव्हापासून ओलांडला नव्हता.

निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि मनाला लावून घेणंही. मीठ त्याच दिवशी कमी झालं, कारण ते त्यांच्या पत्नीच्या, माईंच्या हातात होतं. दुसऱ्या पथ्यासाठी कुणीतरी त्यांना ठाण्याला एका व्याख्यानाला नेलं. मनाच्या आरोग्याविषयी ठाणं आधीपासून जागं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही संस्था काढली ती तिथेच. कि. मो. फडक्यांनी तर थेट न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली. व्याख्यानाला नाना 'बघू काय म्हणतात ते' म्हणून गेले आणि एलिसना सोबत घेऊनच घरी आले.

तेव्हापासून एलिससाहेबांचा मुक्काम नानांकडे आहे. १९५०च्या दशकात त्यांनी मांडलेला ए-बी-सीचा हिशेब नाना दूधवाल्यालासुद्धा समजावतात. 'ए' म्हणजे घडलेली गोष्ट, 'सी' म्हणजे आपल्याला होणारा त्रास. आपण म्हणतो, ए झालं म्हणून सी झालं. खरा उद्योग मधल्या 'बी'चा, म्हणजे आपल्या समजुतीचा. 'दोन हजार वर्षांपूर्वी एपिक्टेटसनं हेच सांगितलं होतं, आणि तो तर गुलामीत वाढलेला माणूस!' असं नाना म्हणतात तोवर दूध तापवायची वेळ झालेली असते.

पुढची पायरी 'डी'. त्या समजुतीशी वाद घालायचा, तिला पुरावा मागायचा. इथे नाना फार रमतात. एलिससाहेबांनी वाद स्वतःच्या समजुतीशी घालायला सांगितलाय; नाना इतरांच्या समजुतींपासून सुरुवात करतात. सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ पोटतिडकीनं सांगत होते की त्यांच्या जागेवर रोज परकी गाडी असते. नाना उठले. 'तुमच्या जागेवर दुसऱ्यानं गाडी लावू नये, असं कुठे लिहून ठेवलंय?' सेक्रेटरी म्हणाले, 'बोर्डावर लिहिलंय, नाना.'

घरात हे शस्त्र माईंनी केव्हाच हस्तगत केलं. 'आमटी अळणी झालीये,' असं नाना म्हणाले की आतून आवाज येतो, 'अहो, आमटी खारटच हवी असं कुठे लिहून ठेवलंय?'

एलिससाहेबांचा एक किस्सा नाना लग्नाळू मुलांना आवर्जून ऐकवतात. एकोणिसाव्या वर्षी साहेबांना मुलींशी बोलायची भयंकर धास्ती. म्हणून ते ब्रॉन्क्सच्या वनस्पतिउद्यानात जाऊ लागले आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचं ठरवलं. १३० जणी सापडल्या. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही आणि धास्ती गेली! किस्सा संपला की माई न चुकता सांगतात, 'तुम्ही मात्र आपल्या बागेत असलं काही करू नका. सगळ्या बाकांवर माझ्या भिशीतल्या बायका असतात.'

पण प्रयोग केल्याशिवाय नानांना चैन कुठलं! चारचौघांत हसं होण्याची भीती जावी म्हणून एलिससाहेब लोकांना गाडीत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारायला लावत. नानांनी धिम्या लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून आरोळी ठोकली, 'कोपर!' कुणी मान वर केली नाही. 'दिवा!' तेव्हा एकानं विचारलं, 'काका, मुंब्र्याला कुठल्या बाजूला येईल?' कळव्याच्या आधी दोघांनी जागं करायला सांगून डोळे मिटले. ठाण्याला नाना उतरले ते डब्याचे आभार घेऊन. मुंबईच्या लोकलमध्ये लाज वाटायलासुद्धा जागा मिळत नाही.

हसण्यावारी नेतो खरं, पण शेजारी म्हणून आमची सोय झाली आहे. पूर्वी नाना रुसलेत हे सहा महिन्यांनी, तिसऱ्याकडून, चौथ्याच कारणासकट कळायचं. आता ते त्याच दिवशी बेल वाजवतात. 'काल आरतीला मला हाक मारली नाहीत. वाईट वाटलं. संताप नाही, निराशा आहे. चहा टाका.' हा फरकही एलिससाहेबांचाच. वाईट वाटूच नये, असं त्यांचं म्हणणं नाही. निराश व्हा, नापसंती दाखवा. संतापात आणि खिन्नतेत रुतून बसू नका. चहा संपेपर्यंत आरतीचा विषय संपतो. पूर्वीच्या नानांनी त्यावर दोन गणपती काढले असते.

शेवटी एका रविवारी नाना पूल ओलांडून भावाकडे गेले. खिशात ती पत्रिका आणि ए-बी-सी लिहिलेला कागद. सगळं नीट मांडलं. भाऊ बघतच राहिला. 'कसली पत्रिका? ती मेहुण्यानं छापून आणली होती. मी कुठे वाचली!'

'मग मी इतकी वर्षं आलो नाही त्याचं काय?'

'मला वाटलं तुझे गुडघे. पूल चढवत नसेल.'

एवढा जतन केलेला रुसवा, आणि समोरच्यानं त्याची नोंद संधिवातात केलेली! नाना घरी आले आणि दुपारभर बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. 'उद्या तू जेवायला ये. तुझे गुडघे धड आहेत.' मग आम्हांला म्हणाले, 'त्याला पत्ताच नव्हता हो! पण मी संतापलेलो नाही. निराश आहे.'

माईंनी गवारीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. संतापलेल्या नानांना उभ्या संसारात कधी काम सांगता आलं नव्हतं. 'नुसते निराशच आहात ना? मग एवढी गवार मोडा.'

'शिरा काढल्याच पाहिजेत, असं कुठे लिहून ठेवलंय?'

'उद्या भावजी जेवायला येताहेत.'

नानांनी एकेक शीर काढली.