नाल्याकाठी तंबू ठोकू इच्छिणाऱ्यांस सूचना

ज्या गृहस्थास घरी पलंग, पंखा व नळाचे पाणी ही सुखे विनासायास लाभली असून त्यांचा मनापासून वीट आलेला आहे, त्याने वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील बोर धरणाच्या परिसरात एखाद्या नाल्याकाठी तंबूत रात्र काढण्यास हरकत नाही. मात्र १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेले हे अरण्य देशातील लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असल्यामुळे, आणि तेथील वाघच अधूनमधून शेतशिवारात मुक्कामास येत असल्यामुळे, आपण आत शिरून राहण्याचा हट्ट धरू नये. हद्दीबाहेर, शेतमालकाची परवानगी व वनखात्याचा सल्ला घेऊन डेरा टाकावा. वाघ ही हद्द मानीत नाही हे खरे. परंतु त्याच्यावर कारवाई होत नाही, आपल्यावर होते.

जागेची निवड हा या शास्त्राचा गाभा होय. होळीनंतर इकडचे बहुतेक नाले आटून पाणी एखाद्या डोहापुरते उरते, आणि जे पाणी आपणांस रमणीय वाटते तेच चितळांस, रानडुकरांस व त्यांच्या मागावर असणाऱ्यांस निर्वाहाचे असते. सबब काठच्या चिखलात पावलांचे ठसे दिसल्यास छायाचित्र घेऊन धन्य होण्यापूर्वी ते कोणत्या दिशेस गेले आहेत, व आपला तंबू त्याच दिशेस आहे काय, याची शहानिशा करावी. चैत्रात मोहाच्या झाडाखाली अंथरूण पसरणे म्हणजे अस्वलाच्या वहिवाटीवर उघड अतिक्रमण होय. काळ्या जमिनीचा भरवसा धरू नये: उन्हाळ्यात तिच्या भेगेत ठोकलेली मेख दिसेनाशी होते, आणि पाऊस पडल्यावर तीच जमीन मेख, तंबू व मालक या तिघांनाही सोडीत नाही. कोरड्या पात्रातील वाळू कितीही मऊ लागली तरी तेथे निजू नये, कारण वरच्या अंगास झालेला पाऊस खाली नोटीस बजावून येत नाही. पाण्यापासून दूर, मुरमाड उंचवटा पाहावा. तो टोचतो.

सामानाविषयी एवढेच, की साधेपणाने राहावयाचे म्हणून मोटारीच्या टपापर्यंत सामान रचणाऱ्यांनी जाताना वाट वाकडी करून सेवाग्राम पाहावे. १९३६ साली गांधीजी तेथे, तेव्हाच्या शेगावात, राहावयास आले. मातीच्या कुट्यांतून देशाचा कारभार हाकला गेला. सापांचा उपद्रव होता तर त्यांस न मारता धरून दूर सोडण्याची साधने बाळगली गेली. घडीच्या खुर्च्यांचा उल्लेख कोठे आढळत नाही. शीतपेटीत दडवलेल्या बाटलीबाबत स्वतंत्र इशारा देणे प्राप्त आहे: जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, व बाटली पोलिसांच्या नजरेस पडल्यास उर्वरित मुक्काम सरकारी छपराखाली होण्याचा संभव आहे.

भोजनास रोडगे करावेत. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून, राख झटकून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खाणे हा या मुलखातील वनविहाराचा खरा अधिकृत विधी असून, पाकिटातील शेवया उकळणाऱ्यास तो केल्याचे श्रेय मिळत नाही. मात्र सागाचा वाळला पाला आधी दूर सारावा, आणि निघताना विस्तव पाण्याने विझवून राखेत हात घालून पाहावा.

ज्यांस हे सर्व जाचक वाटेल त्यांनी दिवसाउजेडी धरण पाहून, वर्ध्यास गोरसपाक घेऊन, रात्री घरी निजावे. त्यांच्या रसिकतेस कोणी बाधा आणणार नाही.