खोडीसकट विमान

भिंतीवरून कढीपत्त्याची डहाळी पुढे करत सुमनवहिनी म्हणाल्या, "ताई, काल रात्री आमच्याकडचा आवाज तुमच्यापर्यंत आला असेल ना? इंजिन होतं."

मला वाटलं, बोअरला नवी मोटार बसवली.

"कसली मोटार! विमानाचं इंजिन. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर. रोल्स-रॉइसचं मर्लिन." वांगी महागली हे सांगावं, त्याच सुरात सांगितलं त्यांनी.

भाऊजी चिकलठाण्याला एसटीच्या वर्कशॉपात होते. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या स्कूटरी खोलून पाहिल्या. मग लोक स्कूटरी आत ठेवायला लागले. तेवढ्यात भाच्याने कॉम्प्युटर दिला, सोबत मोठा स्क्रीन नि हातात धरायचा दांडा. आता कॉम्प्युटरवर विमान बनवणं चाललंय. स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं, इंग्रजांचं.

"म्हणजे गेम खेळतात?"

"हळू बोला! गेम म्हटलं की जेवत नाहीत. सिम्युलेटर म्हणायचं. आणि खेळत नाहीत हो, बनवतात. त्या एक्स-प्लेनमध्ये प्लेन मेकर म्हणून एक भाग आहे. त्यात मापं भरायची. पंख किती लांब, किती जाड, कुठल्या कोनात बसवलाय, इंजिनाची ताकद किती, वजन कुठे किती. मग कॉम्प्युटर त्या पंखाचे लहान लहान तुकडे पाडतो आणि एकेका तुकड्यावर वारा किती जोर लावतोय याचा हिशोब करत बसतो. विमान उडतं ते या आकड्यांवर. दिसायचं रूप ब्लेंडरमध्ये निराळं काढायचं. त्याचा उडण्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे पत्रिका वेगळी नि फोटो वेगळा."

"अगदी! फोटो दोन महिन्यांत झाला. पत्रिका अजून जुळतेय."

फोटो मी पाहिलाय. मोबाइलवर दाखवला होता त्यांनी. देखणं आहे, यात वाद नाही. पंख टोकाकडे निमुळते, लांबट गोल, शंकरपाळ्यासारखे चिरलेले नाहीत. आर. जे. मिचेल नावाच्या माणसाने ते आखलं, 1936 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच वर्षी तो बिचारा वारला. त्याचं विमान लढाईत काय करणार आहे, हे त्याला बघायलाच मिळालं नाही. हे सांगताना वहिनींनी पदर डोळ्याला लावला नाही एवढंच. मिचेल त्यांच्या चुलतसासऱ्यांच्या ओळखीचा असावा असं मात्र वाटलं.

"मग अडलंय कुठे?"

"खोडींवर," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं म्हणणं, विमान फार शहाण्यासारखं उडतंय. खऱ्याच्या खोडी त्यात उतरल्याच नाहीत. मी म्हटलं, बरंच आहे की! तर म्हणाले, तुला नाही कळायचं, पस्तीस वर्षांत एकसारख्या दोन एसट्या मी पाहिल्या नाहीत. एकीचं स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, एक तिसऱ्या गिअरला रडायची. खोड काढून टाकली तर गाडी कुठली ते ओळखायचं कसं?"

पहिली खोड टेकऑफची. मर्लिनचा पंखा ज्या बाजूला फिरतो, त्यामुळे धावपट्टीवर जोर दिला की विमान डावीकडे वळू बघतं. उजवा पाय दाबून धरावा लागतो. भाऊजींनी पंख्याची दिशा उलटी भरली होती. आठवडाभर विमान उजवीकडे पळत होतं नि हे सिम्युलेटरला शिव्या देत होते. भाच्याने फोनवर चूक दाखवली, तेव्हा म्हणाले, मला माहीतच होतं. शेवटच्या शेवटच्या स्पिटफायरना ग्रिफन इंजिन होतं, त्यांचा पंखा खरोखरच उलटा फिरायचा, त्यामुळे इज्जत थोडी वाचली.

दुसरी खोड पंखाच्या पिळाची, आणि ही मला खरंच आवडली. पंख अंगाशी दोन अंश वर उचललेला, टोकाला अर्धा अंश खाली. डोळ्याला कळतही नाही. पण वेग फार कमी झाला की पंखाचा अंगाजवळचा भाग आधी हार खातो, टोक तग धरतं. त्यामुळे विमान आधी थरथरतं, पायलटला कळतं, बाबा रे, आता पुरे. भाऊजींनी सगळीकडे एकच कोन भरलेला. मग काय, सावध न करताच एक पंख पडायचा आणि भवऱ्यासारखं गरगरत खाली. अडीच अंशांचा पीळ भरला त्या रात्री स्क्रीन थरथरायला लागला, तर भाऊजींनी वहिनींना झोपेतून उठवून थरथर दाखवली.

"रात्री दीडला, ताई! थरथर बघायला!"

"आणि तुम्ही गेलात?"

"गेले. बरी होती थरथर."

मग इंजिनाचं प्रकरण. मर्लिनचा कार्ब्युरेटर तरंगत्या फ्लोटचा. विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की पेट्रोल उसळून इंजिन खोकायचं. जर्मनांच्या मेसरश्मिटमध्ये पेट्रोलची थेट पिचकारी, त्याला असलं काही नाही. तो सरळ खाली बुडी मारून सटकायचा, आणि आपल्या पायलटला ("आपल्या" वहिनींनी म्हटलं, मी नाही) आधी विमान पालथं करून मग मागे जावं लागायचं. ही अडचण सोडवली एका बाईने. बिअॅट्रिस शिलिंग, फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रात इंजिनिअर. पेट्रोलच्या वाटेत भोकाची एक छोटीशी पितळी टोपी बसवली, जरुरीपुरतंच पेट्रोल पुढे जाईल अशी. 1941 मध्ये विमानतळांवर फिरून त्या बसवून घेतल्या. सैन्यातल्या पोरांनी त्या टोपीला चावट नाव ठेवलं, ते वहिनींनी मला कानात सांगितलं, इथे नको.

"आणि बाई कशी माहितीये? मोटरसायकलच्या शर्यती मारायची. ब्रुकलँड्सच्या गोल ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर जाऊन बिल्ला मिळवलेला. म्हणतात, तिने नवऱ्याला अट घातली होती, आधी तूही तो बिल्ला मिळव, मग लग्न!"

"खरं असेल?"

"खोटं असलं तरी चांगलं आहे."

तर भाऊजींचं विमान 1940 चं, म्हणजे टोपी बसायच्या आधीचं. सिम्युलेटर आपणहून खोकेना, म्हणून भाच्याकडून एक छोटा प्रोग्राम लिहून घेतला. काल रात्रीचा आवाज तोच, खोकल्याचा. शिलिंगबाईने जो रोग बरा केला, तो ह्यांनी वर्षभर खपून परत लावला.

1940 चंच का, तेही विचारलं मी. त्याचं उत्तर ऐकून मात्र माझा हात कढीपत्त्यावरच थांबला. त्या वर्षी इंग्लंडच्या आभाळात लढलेली स्पिटफायरची एक तुकडी होती 152 नंबरची. तिचं नाव काय, तर हैदराबाद स्क्वाड्रन! निजामाने दिलेल्या देणगीवरून. तुकडीच्या चिन्हावर निजामाची पगडी. दक्षिण इंग्लंडात वॉर्मवेलच्या तळावरून उडायची. भाऊजींनी आपल्या विमानावर त्या तुकडीची यू-एम ही अक्षरं रंगवली आहेत.

"पैसा कुठला हो निजामाचा?" वहिनी म्हणाल्या. "आपलाच ना! मराठवाडा तेव्हा त्याच्या राज्यात. ह्यांचे आजोबा शेतसारा भरायचे ते हाली सिक्क्यात. एका स्पिटफायरला पाच हजार पौंड धरायचे देणगीसाठी. त्यात आमच्या आजोबांचा निदान एक खिळा असेल की नाही?"

मी म्हटलं, खिळा कशाला, चांगला पंख्याचा तुकडा असेल. शेतसारा काही कमी नव्हता.

तिकडे इंग्लंडात त्याच उन्हाळ्यात बायकांना म्हणे आवाहन केलं होतं, ॲल्युमिनियमची पातेली द्या, आम्ही त्यांची स्पिटफायर करतो. बायकांनी ढिगाने दिली. वहिनींनी हे ऐकल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं.

"एवढा खटाटोप, तर गोळ्या तरी पुष्कळ झाडत असेल?"

"आठ बंदुका. पण पंधरा-एक सेकंदांत सगळ्या संपतात."

"बस?"

"बस. मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे त्याहून जास्त वेळ भांडण चालतं."

आणि तापतं किती! उजव्या पंखाखाली रेडिएटर, चाकं खाली असली की त्यातलाच एक पाय त्याचा वारा अडवतो. जमिनीवर जरा रेंगाळलं की इंजिन उकळलंच. शिवाय नाक एवढं लांब, की समोरची धावपट्टी दिसत नाही. नागमोडी चालत, कडेने डोकावत जायचं. परवा भाऊजी असे नागमोडी निघाले असताना वहिनींनी पानं वाढली म्हणून हाक मारली. ते उठून हात धुवायला गेले. परत येऊन बघतात तो काटा तांबड्यात नि इंजिन बंद. त्या दिवशी पिठलं गार झालं नि विमान गरम.

एवढ्यात आतून हाक आली. "अगं ए! आटप, टेकऑफ आहे!"

"निघाले हो," वहिनी म्हणाल्या. मी विचारलं, टेकऑफला तुमचं काय काम?

"हापसा! सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाकं आपोआप वर जात नव्हती. पायलटला हाताने पंप मारावा लागायचा, आपल्या गल्लीतल्या हापशासारखा, उजव्या हाताने. म्हणजे दांडा डाव्या हातात घ्यायचा. एक हात पंप मारतोय, तर दुसरा त्याच्याबरोबर हलणारच. त्यामुळे नवा पायलट असला की विमान डुचमळत वर जायचं. खालचे लोक बघून ओळखायचे, हा नवखा. ह्यांनी पंपासाठी कीबोर्डचं एक बटण ठेवलंय, पण ह्यांना दांडा नि बटण एकदम जमेना. म्हणून बटण मी दाबते. तीन आठवडे झाले."

"मग जमलं की."

"जमलं, तेच तर! म्हणाले, तू दाबतेस तर विमान डुचमळत नाही. सरळ जातं. खोटं वाटतं." त्यांनी हातातली उरलेली डहाळी माझ्याकडे दिली. "आता काल ठरलंय, मी डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने, दर दाबाला, ह्यांच्या कोपराला धक्का मारायचा."

"जोरात मारता?"

"पहिल्या दिवशी हळू मारला. म्हणाले, अजून."

आणि त्या पदर खोचत आत गेल्या.